आधी मीठ काढ

“सर, तुमचं नाव का खोडलंत?”

मी याच शब्दांत विचारलं होतं का, आज खात्री नाही. इतकं सरळ विचारायचं धाडस मला झालंही नसेल. आठवणींवर आता फार भरवसा ठेववत नाही. पण सरांच्या हातातली पेन्सिल आणि त्यांच्याच नावावर ओढलेली रेघ, एवढं नक्की आठवतं.

मिरीकर सर निवृत्तीनंतर कुरुंदवाडला राहत. मागच्या अंगणात चुलीवर पातेली चढवून सुताच्या लडी रंगवत बसायचे. रंगांचं रसायनशास्त्र मी त्यांच्याकडेच शिकलो. सूत रंगवताना मीठ काय करतं आणि साबण काय करतो, यावर मी पहिला लेख लिहिला होता. तो छापून आला तर कॉलेजातली माझी हंगामी नोकरी कायम होणार होती. सरांचं नाव वर असलं की संपादक डोळे मिटून छापतील, हे मला ठाऊक होतं; म्हणून माझ्या नावाआधी मी त्यांचं घातलं होतं.

“काम तुझं आहे,” सर म्हणाले.

“शिकवलंत तुम्ही.”

“म्हणून काय जन्मभर तुझ्या मानगुटीवर बसू?”

“माझ्या एकट्याच्या नावाला कोण विचारतो, सर? आणि एखादी चूक निघाली तर…”

“निघेल की.”

सर उठून चुलीपाशी गेले. पातेल्यात निळ्या रंगाच्या पाण्यात एक लड बुडवलेली होती. रंग पाण्यातच रेंगाळत होता.

“का चढत नाही रे?”

“पाण्यात सूत आणि रंग, दोघांवर एकाच जातीचा विद्युतभार असतो. एकमेकांना लोटतात. मीठ घातलं की ते लोटणं कमी होतं.”

“पाठ आहे म्हणायचं!”

त्यांनी खडेमिठाची बरणी पुढे ओढली.

“माझी बरणी पुन्हा नेलीत?” आतून काकूंचा आवाज आला. “आज अळणी आमटी जेवा मग!”

“भालूलाही वाढ गं,” सर माझ्याकडे बघत म्हणाले आणि थोडं थोडं करत मीठ घालत राहिले.

पाणी फिकट होत गेलं. सूत गडद होत गेलं. मग रंग धरावा म्हणून त्यांनी सोडा घातला. आम्ही थांबलो.

बऱ्याच वेळाने त्यांनी लड काढून पिळली आणि तशीच शेजारच्या उकळत्या साबणाच्या पाण्यात टाकली. पाणी जेमतेम निळसर झालं.

“कसा बसलाय?”

“पक्का,” मी म्हणालो.

“छापायला द्यावा?”

मी हसून मान डोलावली.

लड बाहेर काढून सरांनी ती बादलीतल्या साध्या पाण्यात खळबळली. पाणी ओतून दिलं. दुसरं घेतलं. तेही ओतलं… घाई कसलीच नव्हती. मग पातेल्यात नवं पाणी, त्याच वडीचा साबण, तीच चूल.

लड त्यात सोडली.

पाणी निळंशार झालं.

मी बघतच राहिलो. लडीवर आता मघापेक्षा फिका, पण नितळ रंग उरला होता.

“मघाशीही हाच साबण होता ना, सर?”

“मघाशी मीठ होतं.”

“म्हणजे मीठ घालायलाच नको होतं?”

“मिठावाचून चढला असता?”

सरांनी लड दोरीवर टाकली. हात धोतराला पुसले आणि लेखाचे कागद माझ्या हातात दिले. वर एकच नाव होतं.

“आमटी खाऊन जा. आणि भालू… आधी मीठ काढ. मग साबणाला दे.”

लेख माझ्या एकट्याच्या नावाने गेला. परीक्षकांनी तो चांगलाच धुतला; निम्मा गेला. उरलेल्या निम्म्यावर, उशिरा का होईना, नोकरी कायम झाली. तोवर सर राहिले नव्हते. मी त्यांचे आभार नीट मानले होते का, तेही आठवत नाही. म्हणून इथे मानतो.

पुढे कितीतरी वर्षांनी मी प्रयोगशाळेत हे स्वतः मोजून पाहिलं. मीठ राहिलेल्या लडीतला न धरलेला, सुटा रंग साबणालाही नीट काढता येत नाही. लड मात्र पक्की दिसते.