सुरम्यनगरची चाखणी

त्या मुलखात जमीन दोनच प्रकारची उरली होती. एक पाय टेकवायची आणि दुसरी नुसती बघायची. पाय टेकवायची जमीन दिवसेंदिवस आकसत चालली होती, आणि बघायच्या जमिनीला सुरम्यनगर असं नाव मिळालं होतं.

सुरम्यनगर सारसांनी आखलं. सारसांचं खाली येणं पोटापुरतं. बाकी सगळा मान वर, ढगांत. त्यांच्या आखणी मंडळाने हवेत घिरट्या घालत बैठका घेतल्या आणि असं नगर काढलं, की वरून पाहिलं तर थेट उमललेलं कमळ. पाकळ्यांच्या जागी बागा, देठाच्या जागी राजरस्ता, मधोमध तळं. खालून जाणाऱ्याला ते कमळ कधीच दिसत नसे. त्याला दिसायचं वळण, मग वळण, मग आणखी एक वळण. पण खालून जाणाऱ्याचं मत विचारतो कोण? एकाही सारसाने तिथे स्वतःचं घरटं मात्र बांधलं नाही, हे सांगून ठेवायला हवं.

नगराला लागून एक खडकाळ टेकडी होती आणि तिच्यावर शेळ्यांचा कळप राहायचा. तिथलं गवत खुरटं, कडवट, दगडांच्या फटीतून ओढून काढावं लागणारं. पण ओढलं की येत होतं. ही टेकडी मंडळाच्या डोळ्यांत भरली होती. त्यांनी निरोप धाडला: टेकडी सोडा, खाली नगरात या, सगळी हिरवळ तुमचीच. झालं! तरण्या शेळ्या टेकडीच्या कडेला उभ्या राहून खालच्या हिरव्या रंगाकडे बघत बसायच्या आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. त्यांचा पुढारी तुऱ्या नावाचा बोकड. कपाळावर केसांचा मोठा झुपका, आणि डोक्याचा एवढाच भाग काय तो कामाचा. उठल्यापासून झोपेपर्यंत त्याच्या तोंडी खालच्या गवताशिवाय दुसरा विषय नसे.

पण कळपात एक रीत होती. नव्या कुरणावर कळपाने एकदम जायचं नाही. आधी एका जाणत्या शेळीने एकटीने जायचं, तिथलं गवत चाखायचं आणि परत येऊन टेकडीच्या पायथ्याच्या मोठ्या धोंड्यावर उभं राहायचं. गवत चांगलं असेल तर तिथेच रवंथ करायचा. वरून कळपाने तिचा जबडा हलताना पाहिला, की कळप खाली उतरणार. गवत वाईट असेल तर तोंड मिटून गुमान वर यायचं, आणि मग सगळं जिथल्या तिथे. बोलायचं नाही. जीभ खोटं बोलू शकते, जबडा बोलू शकत नाही, असा त्या कळपाचा पिढ्यान् पिढ्यांचा विश्वास होता.

ही चाखणी बांडीआत्या करायची. अंगावर पांढरे-काळे पट्टे, एक कान फाटका, स्वभाव तिखट. पूर्वी एकदा नदीकाठच्या लुसलुशीत गवतावरून ती तोंड घट्ट मिटून परत आली होती. तेव्हा सगळ्यांनी तिला शिव्या घातल्या होत्या, आणि पुढच्याच आठवड्यात ते गवत खाऊन हरणांचा कळप आडवा झाला होता. तेव्हापासून बांडीआत्याचं मिटलेलं तोंड म्हणजे शेवटचा शब्द होता.

"आत्या, उगाच नाक मुरडू नका हं," तुऱ्या तिला निघताना म्हणाला. "लवकर चाखा, लवकर चघळा."

"तुझ्या बापालाही मी घाई करू दिली नव्हती," बांडी म्हणाली आणि उतरू लागली.

नगराच्या दारावर तिच्या स्वागताला मृदुलराव नावाचा ससा उभा होता. उभा म्हणजे एका फळीवर. फळीखाली दोन चाकं, फळीपुढे एक दांडा. या वाहनाला तिथे झुकगाडी म्हणत. स्वार पुढे झुकला की गाडी पुढे जायची, जास्त झुकला की जास्त वेगाने जायची आणि ताठ उभा राहिला की थांबायची. नगर बघायचं ते याच गाडीवरून, कारण तिथल्या जमिनीला पाय लावायची मनाई होती. पाय लागले की हिरवळ दबते म्हणे, आणि दबलेली हिरवळ वरून डागासारखी दिसते. ससा हा धावणारा प्राणी, त्याच्या टांगा म्हणजे काय विचारता! पण मृदुलरावांचे मागचे पाय सुकून काड्या झाले होते. याची त्यांना लाज नव्हती, उलट अभिमान होता. "जमिनीला पाय लावून मला किती वर्षं झाली, आता आठवतही नाही," असं ते आल्या-गेल्याला सांगत.

फेरीला बांडीबरोबर आणखी एकच पाहुणा होता, भाराप्पा नावाचं म्हातारं गाढव. दोघांना गाड्यांवर चढवलं, खुरांना पट्टे आवळले. पट्टे कशाला, असं बांडीने विचारलं. "तुमच्याच काळजीपोटी, मावशी," मृदुलराव म्हणाले. त्यांच्या गाडीला एक जादा कळ होती. ती दाबली की मागच्या गाड्या आपोआप त्यांच्यामागे येत. तीही काळजीपोटीच असणार.

मग फेरी सुरू झाली. मृदुलराव दाखवत होते, भाराप्पा वाहवा करत होता आणि बांडी गवत शोधत होती. झाडं इतकी सारखी, की एकच झाड बघून परत जावं. गळलेलं पान जमिनीला लागायच्या आत झेलायला जागोजाग खारी बसवलेल्या. बाकं होती, पण त्यांवर बसायला कुणी नव्हतं, कारण उतरायचीच सोय नव्हती. ती बाकांची शोभा होती. एका चौकात झुडपं कातरून त्यांचे प्राणी केले होते. त्यात एक शेळीही होती, चांगली गुबगुबीत.

"खऱ्या शेळीपेक्षा ही बरी," मृदुलराव कौतुकाने म्हणाले, "खात नाही."

बांडीने त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की दुसरा कुणी असता तर जागच्या जागी वाळला असता. मृदुलराव गोड हसले. गोड हसणं हाच त्यांचा धंदा होता.

मग दोन्ही बाजूंना हिरवळ लागली. गुडघाभर उंच, दाट, एकसारखी. बांडीच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं, आणि ती आली होतीच त्यासाठी. तिने मान खाली घातली. पण मान खाली घातली म्हणजे ती झुकली, आणि ती झुकली म्हणजे गाडी निघाली. गवत तोंडाखालून मागे पळालं. तिने मान आणखी ताणली, तर गाडी आणखी सुसाट सुटली.

"वा! काय पटकन शिकल्या बघा!" मृदुलराव ओरडले. खिडक्यांतून नगरवासीयांनी टाळ्या वाजवल्या.

तिने अंग मागे टाकलं. गाडी कचकन थांबली आणि तिच्यातून घंटा वाजू लागली. नगरवासीयांनी घाईघाईने खिडक्या लावून घेतल्या. मागे झुकणं हे तिथे आजारपणाचं लक्षण समजत. बांडीने पुन्हा बेतात मान खाली घातली, पुन्हा गवत ओठाशी आलं आणि पुन्हा निसटलं. असं ती तळ्यापर्यंत करत राहिली. वरून कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, काय मजेत चरत चालली आहे ही शेळी!

"मला उतरवा," ती शेवटी म्हणाली. "मी गवत चाखायला आले आहे. चाखल्याशिवाय आणि पायथ्याच्या धोंड्यावर उभं राहून चघळल्याशिवाय आमचा कळप खाली पाऊल टाकत नाही. ती आमची रीत आहे."

हे ऐकून मृदुलरावांचे दोन्ही कान उभे राहिले. "चघळताना दिसलात की उतरतात? सगळे?"

"सगळे," बांडी म्हणाली. तिच्या घराण्यात रीत लपवायची पद्धत नव्हती.

"किती सुंदर रीत!" मृदुलराव म्हणाले, आणि त्यांना खरोखरच ती सुंदर वाटली असावी.

"कशाला एवढं चाखायचं, बाई?" भाराप्पा मध्येच बोलला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "हयातभर मी दुसऱ्यांची ओझी वाहिली. आज पहिल्यांदा कुणीतरी मला वाहतंय. आणखी काय पाहिजे?"

"बाबा रे, नेतात कुठे ते तरी विचारलंस का?" बांडी म्हणाली. भाराप्पाने विचारलं नव्हतं. त्याने पुढे झुकून विषय संपवला.

परतीच्या वाटेवर दार दिसू लागलं तेव्हा मृदुलरावांनी एक तबक पुढे केलं. त्यात हिरवेगार गोळे होते. "हे घ्या, मावशी. नगरातल्या सगळ्या हिरवळीचा अर्क. एक गोळा म्हणजे शंभर कुरणं. आता आमचा पाहुणचार नाकारू नका."

बांडीने वास घेतला. पुदिन्याचा वास होता, गवताचा नव्हता. तिला संशय आला होता, नाही असं नाही. पण चाखायचं म्हणजे चाखायचं. जे मिळेल ते जिभेवर ठेवून पारखायचं आणि थुंकायचं, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शिवाय धोंडा अजून लांब होता. तिने गोळा तोंडात घेतला.

तो डिंक होता. पहिल्या चाव्याला गोड लागला, दुसऱ्याला कशासारखाच लागला नाही आणि तिसऱ्याला दाढांना चिकटून बसला. बांडीने थुंकायला तोंड उघडलं तर ते अर्धंच उघडलं. तिने जिभेने तो सोडवायचा प्रयत्न केला, जबडा इकडे हलवला, तिकडे हलवला. नेमकी तेव्हाच मृदुलरावांनी ती जादा कळ दाबली.

गाड्या दाराबाहेर निघाल्या. बांडीच्या लक्षात सारं एकदम आलं. तिने उडी मारायला अंग आखडलं, पण खूर पट्ट्यांत होते. ती मागे झुकली, घंटा वाजली, पण गाडी आता मृदुलरावांची होती. "तुम्हाला अगदी धोंड्यापर्यंत सोडतो, मावशी," ते म्हणाले. "पाहुण्याला वाटेत सोडायची आमच्याकडे पद्धत नाही."

गाडी धोंड्यावर चढून उभी राहिली. तिथे ऊन तिरपं पडलं होतं. वर टेकडीच्या कडेला सगळा कळप ओळीने उभा होता, सर्वांत पुढे तुऱ्या. बांडीने जबडा आवळून धरला. कसाबसा आवळून धरला. पण डिंकाने लाळ सुटत होती, घशात उतरत होती, श्वास कोंडत होता, आणि श्वास घ्यायला तोंड उघडावं तर जबडा आपोआप हलत होता. तिने मान फिरवली तर गाल हलताना दिसले. तिने गोळा निघावा म्हणून दगडावर तोंड घासलं, तर वरून वाटलं, आत्या उरलंसुरलंही चाटून खाते आहे. इतका जोरदार रवंथ कळपाने कधी पाहिला नव्हता.

वरून एकच आरोळी उठली आणि कळप उतरू लागला.

मृदुलरावांनी पट्टे सोडले. ते आता सोडायला हरकत नव्हती. बांडी धावत वाटेच्या तोंडाशी गेली आणि आडवी उभी राहिली. डोकं हलवून, खूर आपटून, शिंगं रोखून तिने नको नको म्हणून सांगितलं. आवाज फुटत नव्हता, नुसतं गुरगुरल्यासारखं काहीतरी बाहेर येत होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बघा, बघा!" तुऱ्या खिदळला. "आत्याला एकटीनेच खायचंय! अहो, एवढं तोंड भरलंय, तरी पोट भरेना का?"

सगळे हसले. तिच्या दोन्ही बाजूंनी, तिच्या अंगावरून, ज्यांना तिने वाढवलं होतं ती पोरंसोरं हसत हसत पुढे गेली. तिने तुऱ्याला एक सणसणीत धडक दिली. तो कोलमडला, उठला, झुपका नीट केला आणि पुन्हा पुढे गेला. दाराशी झुकगाड्या आधीच रांगेत लावून ठेवल्या होत्या. मृदुलराव एकेकीच्या खुरांना हळुवारपणे पट्टे बांधत होते. टेकडीवरून शेवटची शेळी उतरताच मंडळाची खोरी-कुदळी दुसऱ्या अंगाने वर चढली.

बऱ्याच वेळाने तो गोळा बांडीच्या दाढेतून सुटला, एक दातही घेऊन आला आणि दगडावर पडला. त्याच्याकडे एक मुंगीसुद्धा फिरकली नाही. बांडीने पोटातला सगळा श्वास एकवटला आणि ती ओरडली. ते ओरडणं कळपातल्या कोणालाही डोळे मिटूनही ओळखता आलं असतं. परत फिरा, एवढाच त्याचा अर्थ.

कळपाने ते ऐकलं. दोन-चार कान हललेही. पण मान कुणी वर केली नाही. मान वर केली की गाडी थांबते, आणि गवत तर आता अगदी ओठाशी आलं होतं. भाराप्पाही त्यांच्यातच होता, सर्वांत जास्त झुकलेला.

आकाशातले सारस त्या संध्याकाळी कधी नव्हे ते पोटाचं काम नसताना खाली आले. "आता जमलं," त्यांतला एक म्हणाला. "कमळ होतं, तळं होतं, फक्त चरणारा कळप तेवढा राहिला होता." ते पुन्हा उंच गेले. खाली माना घालून सगळ्या शेळ्या एका पाकळीतून दुसऱ्या पाकळीत सावकाश सरकत होत्या, आणि तिथून वरून पाहताना त्या पोटभर चरत असलेल्या दिसत होत्या.