परीक्षकाचा प्रश्न

"माझी ताई इथं नेमकं काय करायची?"

हे मी सगळ्यांना विचारलं होतं. तिच्या मैत्रिणींना, मातीला आलेल्या साहेबांना. कुणी म्हणालं, "सूर्य जमिनीवर आणायची." कुणी म्हणालं, "तुला नाही कळायचं." मी आठवीतून शाळा सोडली, ग्रिलच्या कारखान्यात काम करतो. नसेल कळत.

आता तिच्या प्रयोगशाळेत येऊन उकिडवे मॅडमना विचारलं. विशाखाताई त्यांच्याच हाताखाली संशोधन करायची.

त्यांनी खुर्चीकडं बोट दाखवलं.

"चहा घेणार की भांडणार, सुमेध?"

"भांडणार."

"मग चहा घेऊनच भांड."

मी बसलो.

"प्लाझ्मा संशोधनाच्या मासिकाकडं तिचा लेख गेलाय," त्या म्हणाल्या. "ती आता नाही. तिच्या नावानं पुढं न्यायचा तर घरच्यांचा होकार लागतो."

"मी नाही म्हणायलाच आलोय. छापलं की संपलं! तिच्या चपला अजून आम्ही दारातून हलवल्या नाहीत."

मॅडमनी समजूत घातली नाही. समोरचा एक इंग्रजी कागद उचलला आणि मराठीत सांगत गेल्या.

"मासिकाचा परीक्षक, म्हणजे छापण्याआधी लेख तपासणारा, लिहितो... लेखिका म्हणते, प्लाझ्मा, म्हणजे सूर्यासारखा तापलेला वायू, चुंबकाच्या जोरावर अधांतरी राहिला, भांड्याच्या भिंतीला लागला नाही. मला हे पटत नाही. लेखिकेनं उत्तर द्यावं."

मी उठलो. खुर्ची मागं पडली.

"कोण हा? नाव सांगा त्याचं!"

"परीक्षकाचं नाव कुणालाच सांगत नाहीत. जपानात असेल, नाहीतर शेजारच्या खोलीत."

"मेलेल्या पोरीला असं बोलतो?"

"त्याला माहीत नाही."

"ती गेली हे?"

"संपादकांना कळवलंय. त्याला नाही."

मी खुर्ची उचलली. पण बसवेना.

"म्हणजे तो अजून... तिची वाट बघतोय?"

"तिच्या उत्तराची."

"मग देऊच नका उत्तर. बघू दे वाट."

"उत्तर गेलं नाही तर लेख परत येतो. परीक्षकही तिला विसरून जाईल."

"आणि दिलं तर?"

"पटलं तर छापतील. शंका उरली तर पुन्हा विचारील."

"लिहिणार कोण?"

"मी. तिनं केलेल्या मोजमापांवरून."

मी टेबलावर वाकलो.

"मग थोडं कच्चंच लिहा ना, मॅडम. म्हणजे तो तिला परत विचारील."

मॅडमनी चष्मा काढला.

"कच्च्या उत्तराला कुणी परत विचारत नाही, बाळा. पक्कं छापलं, की जगभरातले लोक तिच्या कामाला प्रश्न विचारत राहतात."

"मग पक्कं लिहा," मी म्हणालो, आणि होकाराची सही केली.