भरमा पैलवान डॉक्टर शोधतो

“पण अक्का, डोळे इकडून तिकडं फिरवल्यानं डोस्क्यातला पूर ओसरतो होय?”

भरमा पैलवानानं हे असं विचारलं, जणू अक्कांनीच त्याला फसवलं होतं.

मठ सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या गौराक्का ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “कोण म्हणतं ओसरतो?”

“मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर. म्हणाला, तू जे बघितलंस ते आत अडकून बसलंय. ते मनात धरायचं, आणि समोरचा बोटं हलवील तिकडं नुसती नजर न्यायची. होता होता त्याची धार जाते म्हणं. पण ज्यानं हे शिकून घेतलंय त्याच्याकडंच कर, म्हणाला.”

“मग कर की.”

“तसा माणूस सापडायला नको?”

अक्कांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली.

आता भरमाचं दुखणं काय, तर ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. महापुराच्या साली नदीकाठची माणसं छपरांवर जाऊन बसली, तेव्हा नावेच्या पुढच्या टोकाला भरमाला मुद्दाम बसवलेलं. त्याच्या पकडीतून कुणी सुटत नाही, अशी त्याची ख्याती. एकेकाला मनगटाला धरून त्यानं नावेत ओढलं. शेवटी राहिली त्याची आत्या, बाळाबाई. आईमागं तिनंच त्याला वाढवलेलं. नाव हेलकावली, आणि तिचं ओलं मनगट त्याच्या मुठीतून निसटलं…

पूर ओसरला, गाव सावरलं. भरमा तेवढा तिथंच राहिला. नळाचं पाणी बादलीत पडायला लागलं तरी त्याचा श्वास अडायचा. कुणाचा हात हातात घेणं तर सुटलंच. आणि काल उसाची ट्रॉली अंगावर आली, तेव्हा त्याच्या लेकीनं, एवढ्याशा शिवलीलानं, बापाकडं हात केला. बापाचा हात उचललाच नाही. शेजारणीनं पोरीला मागं ओढलं म्हणून निभावलं.

म्हणून आज तो मठाची टेकडी चढून आला होता.

“कुणाकुणाकडं गेलास?” अक्कांनी विचारलं.

“पहिला बाजारपेठेतला. दार उघडून बघतोय तर गडी असा! ही मान, हे खांदे… म्हटलं, ह्यो आपला.”

“खांदे बघून डॉक्टर निवडलास?”

“पैलवान माणूस, दुसरं काय बघणार?”

“हे कुठं शिकला, विचारलंस?”

“…न्हाई.”

“मग?”

“म्हणाला, एका बैठकीत पूर साफ करून टाकतो. बसल्या बसल्या लागला की बोटं नाचवायला. सांग म्हणाला, पाणी कुठवर आलं, आत्या काय ओरडली. मला सोसंना. तर म्हणतोय, थांबायचं न्हाई, पैलवान ना तू? … अक्का, घरी आलो ते कितीतरी दिवस तोंडाला चव न्हवती. डोळा लागला की पाणी.”

अक्कांनी पदरावरची टरफलं झटकली.

“दुसरा?”

“दुसरा भला होता, पण कच्चा. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणतो, हे मी शिकलेलो नाही. सांगलीच्या नसीमाबाई शिकल्यात, त्यांच्याकडं जा. आता बोला! एवढ्या मोठ्या खुर्चीत बसून, येत न्हाई म्हणतोय.”

“तोंडावर म्हणाला?”

“तोंडावर.”

“मग कच्चा कसा?”

भरमानं सुपातली एक शेंग उचलली आणि तशीच परत ठेवली.

“गेलास का त्या बाईंकडं?”

“गेलो की. दोन-तीन खेपा घातल्या. नुसत्या गप्पा! झोप लागते का, जेवता का, घाबरं झालं की कशानं बरं वाटतं… म्हटलं बाई, सुरू कधी करणार? तर म्हणाल्या, सुरूच आहे. मग एके दिवशी बोटं समोर धरली आणि सरकवली डावीकडं.”

“आणि तू?”

“मी कुठला बघतोय!” भरमाची छाती जरा फुगली. “हिंदुराव वस्तादांच्या मातीत वाढलोय मी. त्यांची पहिली शिकवण काय, तर समोरच्याचा हात नाचला की ती हूल समजायची. हात एकीकडं दाखवतो, डाव दुसरीकडनं येतो. हाताच्या मागं नजर गेली की गडी पडला. नजर कमरेवर ठेवायची. कंबर खोटं बोलत न्हाई.”

अक्कांचा हात थांबला.

“मग त्या डॉक्टरीणबाईंच्या कमरेकडं बघत बसलास काय रे?”

“छे छे, अक्का!” भरमाचे कान लाल झाले. “मी… डोळे मिटून घेतले.”

“रागावल्या का?”

“न्हाई. म्हणाल्या, बोटं नको तर नको. तुमच्याच गुडघ्यांवर आळीपाळीनं टिचक्या मारूनही करता येतं. आणि जड गेलं की हात वर करा, मी तिथंच थांबेन. का म्हणून विचारणारसुद्धा न्हाई… मग मी उठून आलो.”

“का?”

“पैलवान कधी थांबा म्हणतो होय? मैदानात हात वर होतो तो जिंकल्यावर!”

अक्कांनी सूप बाजूला सारलं… भरमाला वाटलं, पटलं त्यांना. तो पुढं सरकला.

“तर तुम्हीच एक नाव सांगा. चांगला खमक्या, माझ्या तोडीचा. न्हाईतर विभूती लावा आणि सोडवा मला ह्यातनं.”

“हात इकडं कर.”

भरमानं कपाळ पुढं केलं.

“कपाळ नव्हे. हात.”

त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दडवले. एवढा आडदांड गडी, शाळेत छडी खायला उभ्या केलेल्या पोरासारखा दिसायला लागला.

“हात… नको, अक्का.”

“तू धरायचं नाहीस. मी धरते.”

कितीतरी वेळानं एक हात बाहेर आला. अक्कांनी मनगट धरलं. त्यांची बोटं वाळकी, शेंगांच्या मातीनं खरखरीत झालेली. भरमानं नुसती मूठ फिरवली असती तरी ती सुटली असती.

“सोडव,” अक्का म्हणाल्या.

भरमाला हसू येणार होतं. आलं नाही.

ती बोटं गार होती. कातडी सुरकुतलेली, सैल… आत्याची होती तशी. ओसरीवर थेंबभर पाणी नव्हतं, तरी त्याच्या कानांत पाण्याचा आवाज भरायला लागला. छाती वरखाली व्हायला लागली. हिसडा द्यावा तर म्हातारी कोलमडेल. न द्यावा तर पाणी गळ्याशी आलेलं. अक्का त्याच्याकडं बघत होत्या, आणि पकड काही सैल करत नव्हत्या…

भरमाचा दुसरा हात वर गेला.

अक्कांनी मनगट सोडलं. लगेच. आणि सूप पुढं ओढून शेंगा फोडायला घेतल्या.

भरमाचा श्वास हळूहळू खाली बसला. वर गेलेला हात त्यानं उतरवला आणि दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघत राहिला.

“सोडलंत?”

“तू हात वर केलास.”

“म्हणजे मी हरलो म्हणायचं?”

“कुणाशी?”

भरमा आपलं मनगट चोळायला लागला.

खाली रस्त्यावर सांगलीची एसटी येऊन थांबली. माणसं उतरली, चढली, गाडी गेलीही. भरमा उठला. दंडावर नसलेली माती झटकली. पायरीशी जाऊन चपला पायांत घातल्या.

“उद्या नसीमाबाईंकडं जातो, अक्का.”

“जा.”

तो निघाला, आणि दोन पायऱ्या उतरून परत वळला. आता त्याच्या बोलण्यात तो मघाचा तोरा नव्हता.

“पण खरं सांगा. एवढं सगळं करून आत्या काही माझ्या मुठीत परत येणार न्हाई.”

“नाही येणार.”

“मग तिथं जाऊन होणार काय?”

अक्कांनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

“हात रिकामा होईल, लेकीचा धरायला.”