सामाईक भिंत

एकदा एका शिष्याने, पन्नाशी उलटल्यावर, शहराच्या जुन्या पेठेत घर विकत घेतले. त्याची पत्नी त्या गल्लीतून जाताना नेहमी याच दारापाशी क्षणभर थांबत असे. "राहावं तर इथं," म्हणत असे. तेव्हा ऐपत नव्हती. ऐपत आली, तोवर ती गेली होती.

घर विकणारा व्यापारी स्पष्टवक्ता होता. "खांब सागवानी आहेत, विहिरीला पाणी आहे. खोट एकच. शेजाऱ्यांची आणि तुमची भिंत सामाईक, आणि तिच्यात ही खिडकी. इकडचं बोलणं तिकडं जातं."

खिडकी स्वयंपाकघरात होती, जेमतेम हातभर रुंद. त्या पेठेत घरे बांधताना ती मुद्दाम ठेवण्याची रीत होती. तिच्यातून विरजण, कढीलिंबाची डहाळी, सणाचे ताट एका घरातून दुसऱ्या घरात जाई.

शिष्याला मात्र एकांत हवा होता. पत्नीची भांडी, तिचा चष्मा, तिची शाल जागच्या जागी मांडून त्याला तिच्या आठवणींसोबत राहायचे होते. पहिल्याच दिवशी त्याने गवंडी बोलावला आणि खिडकी बुजवायला सांगितली.

दुपारी त्याचे वृद्ध गुरुजी घर पाहायला आले. त्यांनी खांब पाहिले नाहीत, विहीर पाहिली नाही. सरळ स्वयंपाकघरात गेले, बाह्या मागे सारल्या आणि नुकत्याच लावलेल्या विटा एकेक करून काढू लागले.

"अहो बाबा!" गवंडी ओरडला. "आत्ताच लावल्यात. माल ओला आहे अजून!"

"म्हणून तर घाई करतोय. उद्या माझ्याच्यानं निघायच्या नाहीत."

शिष्य कळवळून म्हणाला, "गुरुजी, हे घर तिच्यासाठी घेतलं. इथं मला दुसऱ्या कुणाचा आवाज नको."

गुरुजींनी हातातली वीट खाली ठेवली. "दारापाशी थांबून ती काय पाहत असे?"

"घरच पाहत असेल. मी कधी विचारलं नाही."

"मग आता ते आपल्याला कळायचं नाही. पण रिकामं घर पाहून कुणाला राहावंसं वाटत नाही, बाबा. फोडणीचा वास येतो, कुणीतरी कुणाला हाक मारतं, तेव्हा पाऊल थबकतं. तू जे विटांपलीकडे ठेवतो आहेस, त्यासाठीच ती थांबत असावी."

शेवटच्या दोन विटा शिष्याने स्वतः काढल्या.

पलीकडून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला. "आलात का हो राहायला? आज स्वयंपाक करू नका. ताटं पाठवते. किती माणसं?"

"दोन," सवयीने त्याच्या तोंडून निघाले. मग तो थांबला. वर्षभरात जे त्याने कुणालाही स्वतःच्या तोंडाने सांगितले नव्हते, ते म्हणाला.

"नाही. मी एकटाच आहे."

पलीकडची भांडी क्षणभर वाजायची थांबली.

"मग ताट कशाला पाठवायचं?" बाई म्हणाल्या. "इकडंच या जेवायला."

गुरुजींनी हाताला लागलेला माल झटकला आणि वळून पाहिले. शिष्य चपला घालत होता.