सोनशेपट्याची पाठ

फार मागे, डोंगरातल्या एका उंबरावर वानरांचा कळप राहायचा. दुपारी सगळे एकमेकांच्या उवा काढत बसत. त्यांतल्या सोनशेपट्या नावाच्या पिल्लाच्या उवा मात्र त्याची आईच काढायची. त्यानं तिच्या पाठीकडे हात नेला की म्हणायची, "राहू दे, राजा. तुझ्यासारखा या रानात दुसरा नाही."

पुढे आई गेली. सोनशेपट्या एकेकाकडे पाठ करून बसू लागला. "आता माझ्या काढ की," असं कुणी म्हटलं तर विचारी, "मी?" हळूहळू त्याच्याजवळ कुणी फिरकेना.

एके दुपारी एक पोरकं पिल्लू त्याच्यापुढे पाठ करून बसलं. सोनशेपट्यानं हात उचलला, पण बोटांना काही सुचेना.

"तुझ्यासारखं या रानात दुसरं नाही," तो म्हणाला. आईकडून तो तेवढंच शिकला होता.

पिल्लू जरा वेळ तसंच बसलं, मग उठून गेलं.