साळुंकीची पिल्लं आणि म्हशीची पाठ

फार जुनी गोष्ट. वादळात घरट्यांतून पडलेली बेवारशी पिल्लं एक साळुंकी सांभाळायची. दाणे पुरवणारा राघू एकटाच. तो रान सोडून गेला आणि पिल्लं उपाशी पडली. साळुंकी दारोदार हिंडली, पण तोंडात एकच रडगाणं, “दाणे द्या.”

म्हैस वैतागली. “अगं बये, मी गवत खाणारी. दाणे काय शिंगातून काढू?”

साळुंकी जायला निघाली.

“थांब की! गोचिडांनी माझी पाठ पोखरलीय. तुझी पिल्लं ते खात नाहीत होय?”

त्या दिवशी पिल्लं पोटभर जेवली आणि म्हैस निवांत झोपली.

सकाळी साळुंकी शेळीकडे गेली. दाण्यांचं नावही काढलं नाही. म्हणाली, “शेळीबाई, तुला काय चावतंय गं?”