गोजराचे हात

तुमच्या-माझ्या पणज्याही जन्मल्या नव्हत्या, इतक्या वर्षांपूर्वी करंजखोरं गावात गोजरा नावाची सुईण होती. गावातलं प्रत्येक मूल आधी तिच्या हातात यायचं, मग आईच्या कुशीत. तिने पोटावर नुसता हात ठेवला तरी आडवं मूल वळायचं, असं म्हणतात.

गोजराचे केस पिकले होते, तेव्हा एका सकाळी तिला बोटांच्या टोकांवर पांढरं दिसलं. पानाचा चुना लागला असेल म्हणून तिने हात धुतले. मग विटकरीने घासले. रक्त आलं, पण पांढरं गेलं नाही. ते कोड होतं. पावसाळा सरेपर्यंत ते दोन्ही हातांवर मनगटापर्यंत चढलं आणि ओठांच्या कडांना लागलं.

गाव हबकलं. त्याच हातांनी ज्यांना जगात आणलं होतं, त्या बायका आता तिला बघून लेकरं पदराआड घेऊ लागल्या. पाटलीणबाईंची सून तेव्हा गरोदर होती. गोजराने आमच्या उंबऱ्यालाही शिवू नये, असं त्यांनी सांगून टाकलं. पण सगळ्यांत मोठा धक्का गोजरालाच बसला होता. ती हात लुगड्यात गुंडाळून बसायची आणि जेवताना डोळे मिटायची.

तिच्या शेजारी साळू कुंभारीण राहायची. साळूला कोड आलं ते दुधाचे दात पडायच्या आत, आणि तेही चेहऱ्याच्या डाव्या बाजूलाच. भुवईसकट तेवढा भाग पांढरा झाला आणि मग ते थांबलं. साळू उघड्या तोंडाने बाजारात मडकी विकायची.

एके दिवशी भर दुपारी सूर्य काळा पडला. ग्रहण म्हणून गावाने दारं लावली, चुली विझवल्या. त्याच वेळी पाटलांच्या सुनेला कळा लागल्या. मूल पायाळू होतं आणि अडकलं. शेजारगावची सुईण ग्रहणात बाहेर पडेना. तेव्हा पाटलीणबाई अनवाणी धावत गोजराच्या दारात आल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या.

गोजरा उठली नाही. "हे माझे हात नाहीत," एवढंच ती म्हणाली.

साळू आत आली आणि तिच्यापाशी बसली. "मावशे, मला हे अजाणपणी आलं. पोरींनी खेळात घेतलं नाही, ते सोसलं. पण आधीचा चेहरा मला आठवतच नाही, म्हणून काही गमावल्यासारखं वाटत नाही. तुला तुझे हात आठवतात. मग त्यांना काय येत होतं, तेही आठव."

गोजरा उठली.

बाळंतिणीच्या खोलीत काही दिसत नव्हतं. दिवा लावायची कुणाची छाती होईना. गोजराने हात पुढे केले आणि त्या हातांना चांदण्यासारखा उजेड फुटला, असं म्हणतात. त्याच उजेडात तिने मूल सोडवलं. ते निळं पडलं होतं, रडत नव्हतं. गोजराने त्याच्या तोंडात बोट फिरवलं, तळव्यांवर चापट्या मारल्या. मूल रडलं आणि बाहेर सूर्य सुटला. पाटलीणबाईंनी तो ओला पांढरा हात आपल्या गालाला लावला.

गोजराचं कोड गेलं नाही. ते मरेपर्यंत पसरत राहिलं. साळूचं होतं तेवढंच राहिलं. पण गोजराने पुन्हा हात झाकले नाहीत.

करंजखोऱ्यात अजूनही मूल जन्मलं की त्याला पहिल्यांदा उचलणारी बाई तांदळाच्या पिठात मनगटापर्यंत हात बुडवते. मुलाच्या पाठीवर पांढरी बोटं उमटतात. दिवस मावळेपर्यंत ती कुणी पुसत नाही. बघायला कुणी आलं, की आई मुलाला अलगद पालथं धरते आणि सांगते, "आमच्याकडे गोजरा येऊन गेली."